आत काय झालं ते कोणी बघितलंय का?

मागच्या वीकांताला रातराणी पकडून जालन्याला गेलो होतो. मामांच्या घरावर दुसरा मजला चढतोय आणि 'इंजिनीअर भाचा' म्हणून हजेरी लावणं भाग होतं. मी सॉफ्टवेअरवाला आहे, माझा बांधकामाशी संबंध ईएमआयपुरता, हे मामांना आजवर पटलेलं नाही. असो. शनिवारी सकाळी चहाचा कप घेऊन उभा होतो, फिटर पाट्यावर गज वाकवत होता, आणि 'टक्' असा आवाज झाला. बारा एमएमच्या गजाला वाकवल्या जागी बाहेरच्या अंगाने तडा गेला होता.

फिटरने तो बाजूला टाकून दुसरा उचलला. मामांनी मात्र काम थांबवलं. त्याच बंडलातले आणखी पाच गज वाकवून बघायला लावले. त्यातले दोन तडकले. मग दुकानदाराला फोन. तो बिचारा अर्ध्या तासात हजर झाला, हातात टेस्ट सर्टिफिकेट. सगळे आकडे व्यवस्थित. मामांनी कागद बघितला, परत दिला आणि म्हणाले, "हे तुकड्याचं सर्टिफिकेट हाय. गज तयार व्हताना आत काय झालं ते कोणी बघितलंय का? या स्लॅबखाली माझी नातवंडं झोपणार हायेत."

दुकानदार माझ्याकडे बघायला लागला. मी चहाकडे.

परत येताना एसटीत तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. कारण आमच्या हापिसातही रोज हेच चालतं. रात्री तीन वाजता सर्व्हर कोसळतो, सकाळी आपण लॉग घेऊन बसतो आणि अंदाज बांधतो की आत काय झालं असेल. मेलेल्याचं पोस्टमॉर्टेम. जिवंत असताना, बदल होत असतानाच आत डोकावता आलं तर? लोखंडाच्या बाबतीत हे कोणाला कधी जमलंय का? आठवडाभर रात्री जागून वाचत बसलो. जमलंय, आणि त्या गोष्टीतला एक मोठा तुकडा पुण्यात वाढलेल्या एका मुलीचा आहे. पण क्रमाने सांगतो.

आधी गजाचं. मामांनी एमआयडीसीतल्या एका रोलिंग मिलमध्ये तीस वर्षं काढली आहेत. जालना म्हटलं की बाहेरच्यांना मोसंबी आणि बियाणं आठवतं, पण शहराला लागूनच भट्ट्या आणि रोलिंग मिलची रांग आहे. भंगार आणि स्पंज आयर्न इंडक्शन फर्नेसमध्ये वितळवायचं, बिलेट ओतायचे, ते तापलेले बिलेट रोलांच्या जोड्यांमधून काढत काढत बारीक करायचे, आणि शेवटी टीएमटी गज. मी सातवी-आठवीत असताना मामा मला एकदा रात्रपाळीला घेऊन गेले होते. शेवटच्या रोलांमधून गज बाहेर येतो तेव्हा तो साधारण ९५० ते १००० अंश सेल्सिअसला असतो, नारिंगी-पिवळा. तसाच तो पाण्याच्या पेटीत शिरतो आणि क्षणात पलीकडून काळा होऊन बाहेर पडतो. मला वाटलं, विझला. मामा म्हणाले, "थांब, बघ." थोडं पुढे गेल्यावर त्या काळ्या गजावर आतूनच पुन्हा मंद लाली चढली. अंधार असल्यामुळेच ती दिसली.

ती लाली म्हणजेच टीएमटी, हे मला आत्ता कळलं. पाण्याच्या पेटीत फक्त वरचा थर झटक्यात थंड होतो आणि त्याचं मार्टेन्साइट होतं, म्हणजे पोलादाचं अतिशय कडक आणि तेवढंच ठिसूळ रूप. गाभा अजून लालबुंदच असतो. मग गाभ्यातली उष्णता बाहेर येऊन त्या कडक थराला शेकते आणि त्याचा ठिसूळपणा घालवते. कूलिंग बेडवर गाभा सावकाश थंड होतो आणि मऊ, लवचीक राहतो. बाहेर कडक, आत मऊ. भूकंपात गजाने मोडायच्या आधी वाकावं, ते यामुळे.

पण 'वाकणं' म्हणजे नक्की काय? इथून खरी गोष्ट सुरू होते.

धातू म्हणजे ओळीत रचलेले अणू. धातू वाकतो तेव्हा अणूंचा एक थर दुसऱ्यावरून सरकतो. १९२६ मध्ये याकोव्ह फ्रेंकेल या रशियन शास्त्रज्ञाने हिशेब मांडला की असा आख्खा थर एकदम सरकवायला किती जोर लागेल. उत्तर आलं ते प्रत्यक्षापेक्षा शेकडो, कधी हजारो पट जास्त. म्हणजे गणिताप्रमाणे तांब्याची तार हाताने वाकायलाच नको. पण ती लहान पोरसुद्धा वाकवतं. गणितात चूक नव्हती. मग?

१९३४ मध्ये जेफ्री टेलर, इगॉन ओरोवान आणि मायकेल पोलान्यी या तिघांनी वेगवेगळं बसून एकच उत्तर काढलं. लग्नाच्या हॉलमधली मोठी सतरंजी आठवा. ती एकदम ओढायला चार माणसं लागतात. पण एका टोकाला सुरकुती पाडून ती पायाने पुढे ढकलत नेली तर एकटा माणूसही सतरंजी वीतभर सरकवतो. धातूमध्ये अशाच सुरकुत्या असतात, अणूंच्या रचनेतल्या चुकीच्या रेषा. त्यांना डिसलोकेशन म्हणतात. थर एकदम सरकत नाही, ही रेषा सरकत जाते. रेषा सहज हलल्या तर धातू मऊ, अडकल्या तर कडक, आणि हलूच शकल्या नाहीत तर तो वाकत नाही, तडकतो. मार्टेन्साइटमध्ये या रेषांची खच्चून गर्दी असते, वर अडकलेला कार्बन. म्हणून तो कडक.

सुंदर सिद्धान्त. फक्त एक अडचण होती, डिसलोकेशन कोणी हलताना बघितलेलं नव्हतं. पुढची २२ वर्षं त्यावर शोधनिबंध लिहिले गेले, पुस्तकं निघाली, आणि 'हे सगळं कागदावरच आहे' म्हणणारेही होते. मामांचाच प्रश्न, नुसता इंग्रजीत.

बघायचं साधन तोवर तयार झालं होतं. १९३१ मध्ये बर्लिनमध्ये माक्स क्नोल आणि अर्न्स्ट रुस्का यांनी पहिला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप उभा केला. साध्या मायक्रोस्कोपची मर्यादा प्रकाशाची असते. दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी ४०० ते ७०० नॅनोमीटर, त्याहून फार बारीक काही त्याला दिसत नाही. (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग.) एक लाख व्होल्टने पळवलेल्या इलेक्ट्रॉनची तरंगलांबी ०.००३७ नॅनोमीटर, म्हणजे लाखपटीने लहान. काचेच्या भिंगाऐवजी चुंबकाची भिंगं वापरायची. १९३९ मध्ये सीमेन्सने असे मायक्रोस्कोप बनवून विकायला सुरुवात केली. रुस्काला नोबेल मिळालं ते १९८६ मध्ये, यंत्र बनवल्यावर ५५ वर्षांनी! तोवर क्नोल हयात नव्हते.

पण इलेक्ट्रॉन धातूतून आरपार जायचे तर तो धातू भयंकर पातळ हवा. केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत पीटर हर्ष, त्यांचा विद्यार्थी मायकेल व्हेलन आणि मायक्रोस्कोप सांभाळणारे रॉबर्ट हॉर्न यांनी ॲल्युमिनियमचा वर्ख ठोकून आणि आम्लात झिजवून तेवढा पातळ केला. १९५६ मध्ये त्यांना त्यात बारीक काळ्या रेषा दिसल्या. आता नुसत्या रेषा दिसल्याने काय सिद्ध होतं? कचरा असेल, वर्खाची सुरकुती असेल. मग त्यांनी इलेक्ट्रॉनचा झोत वाढवला. झोताने वर्ख तापला, ताणला गेला, आणि त्या रेषा चालायला लागल्या! बरोबर त्याच प्रतलांवरून, ज्यांवरून सिद्धान्ताप्रमाणे त्या चालायला हव्या होत्या. प्रयोगशाळेचे प्रमुख नेव्हिल मॉट यांना बोलावून हा प्रकार दाखवला गेला, त्याची फिल्म काढली गेली. त्याच वर्षी जिनिव्हात वॉल्टर बोलमान यांनी स्टेनलेस स्टीलमध्ये डिसलोकेशनच्या रेषा स्वतंत्रपणे बघितल्या.

मला हा प्रसंग फार आवडतो. फोटो होता तोवर वाद होता, हलताना दिसलं आणि वाद संपला.

आता पुढची पायरी. धातू नुसता तापतो-वाकतो असं नाही. तो हवेत गंजतो, वायूंशी क्रिया करतो, कारखान्यांमध्ये उत्प्रेरक म्हणून राबतो. वनस्पती तूप करताना तेलात हायड्रोजन घालतात ते निकेलच्या पुडीच्या मदतीने. खत, पेट्रोल, प्लास्टिक, सगळीकडे उत्प्रेरक. आणि तो काम करतो ते गरम असताना, वायूच्या वातावरणात. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच्या आत मात्र निर्वात पोकळी लागते, कारण हवेत इलेक्ट्रॉन विखुरतात. म्हणजे बघायचं तर उत्प्रेरकाला भट्टीतून काढायचा, थंड करायचा, निर्वातात ठेवायचा आणि मग त्याला विचारायचं की बाबा, तू काम कसं करत होतास. पुन्हा पोस्टमॉर्टेमच.

यावर उपाय शोधणारे होते. रुस्कानेच १९४२ मध्ये नमुन्याभोवती थोडा वायू ठेवून बघण्याचा प्रयत्न प्रसिद्ध केला होता. १९७२ मध्ये इंग्लंडमध्ये हारवेल इथे टेरी बेकर आणि सहकाऱ्यांनी ॲसिटिलीन वायूमध्ये निकेलच्या कणांखालून कार्बनचे तंतू वाढताना बघितले. कण पुढे आणि मागे शेपटीसारखा वाढत जाणारा तंतू. पण अणूंच्या पातळीवर, खऱ्या तापमानाला, वायूमध्ये बघणं जमत नव्हतं.

ते जमवलं प्रतिभा गाई यांनी. जन्म आणि बालपण पुण्यातलं, लहानपणापासून मेरी क्युरीचं वेड. पीएच.डी. केंब्रिजला, त्याच कॅव्हेंडिशमध्ये जिथे रेषा चालताना दिसल्या होत्या. नंतर ऑक्सफर्ड. हर्षही तोवर तिथेच प्राध्यापक होते. १९८८ मध्ये त्या अमेरिकेत ड्यूपाँट कंपनीच्या संशोधन केंद्रात गेल्या. तिथे एडवर्ड बॉयेस यांच्याबरोबर त्यांनी आख्ख्या मायक्रोस्कोपचीच मोडतोड करून नवी रचना केली. कल्पना सांगायला सोपी आहे. नमुन्यापाशी वायू सोडायचा आणि वर-खाली बारीक छिद्रं ठेवून, पंप लावून, तो लगेच ओढून घ्यायचा. म्हणजे नमुन्याभोवती वायूचं छोटं घर आणि बाकी सगळीकडे निर्वात. प्रत्यक्षात हे करताना अणू दिसण्याइतकी स्थिरता टिकवायची, नमुना शेकडो अंश तापवायचा, आणि कोट्यवधींचं यंत्र बिघडवायचं नाही. याला वर्षानुवर्षं लागली.

मग काय दिसलं? एक उदाहरण सांगतो. ब्यूटेन वायूपासून रेझिन वगैरेंना लागणारं एक रसायन बनवतात, त्यासाठी व्हॅनेडियम आणि फॉस्फरसचा एक उत्प्रेरक वापरतात. हा उत्प्रेरक स्वतःच्या अंगातला ऑक्सिजन काढून देतो, तरी ढासळत नाही. कसा काय? गाई आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९९५ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात दाखवलं की ऑक्सिजन गेल्यावर त्याचे थर किंचित सरकून जागा सावरून घेतात. पुन्हा तेच सरकणं! सतरंजीची सुरकुती इथेही होती.

२००७ मध्ये त्या इंग्लंडला परतल्या आणि यॉर्क विद्यापीठात त्यांनी आणि बॉयेस यांनी हे यंत्र आणखी पुढे नेलं, इतकं की गरम वायूमध्येही एकेक सुटा अणू दिसावा. २०१३ मध्ये त्यांना लोरेआल-युनेस्को पुरस्कार मिळाला, २०१६ मध्ये रॉयल सोसायटीच्या फेलो, २०१८ मध्ये ब्रिटनचा 'डेम' किताब. आणि आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना कौतुक वाटेल अशी गोष्ट: आपल्या या मायक्रोस्कोपचं पेटंट त्यांनी घेतलं नाही. इतरांना वापरता यावं, संशोधन पुढे जावं म्हणून. एका अर्थी ओपन सोर्सच की!

आता तुम्ही म्हणाल, मग झालं, सगळं दिसायला लागलं. तसं नाही. आमच्याकडे काही बग असे असतात की डीबगर लावला की गायब होतात, कारण बघण्यानेच प्रोग्रामची चाल बदलते. इथेही इलेक्ट्रॉनचा झोत नमुन्याला तापवतो, कधी अणूंना जागेवरून उडवतो. म्हणून झोत कमी-जास्त करून, बंद करून, तुलना करावी लागते. काहींनी या खोडीचाच उपयोग केला. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातले श्रीकुमार बॅनर्जी (पुढे ते केंद्राचे संचालक आणि अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष झाले) यांनी जर्मन सहकाऱ्यांबरोबर केलेलं काम १९८४ मध्ये प्रसिद्ध झालं. निकेल-मॉलिब्डेनमच्या मिश्रधातूवर उच्च व्होल्टेजच्या मायक्रोस्कोपमधून इलेक्ट्रॉनांचा मारा करायचा आणि त्याच वेळी अणूंची शिस्त कशी मोडते, कशी जुळते ते बघायचं. डोळा आणि हातोडा एकच! अणुभट्टीतल्या धातूवर आयुष्यभर असा मारा होत असतो, म्हणून हे कळणं महत्त्वाचं.

दुसरी मर्यादा वेगाची. आपल्या गजातलं मार्टेन्साइट घ्या. १९५३ मध्ये रॉइंटन बनशाह आणि रॉबर्ट मेल यांनी लोखंड-निकेलच्या मिश्रधातूत त्याची पाती किती वेगाने वाढते ते विजेच्या रोधावरून मोजलं. सेकंदाला सुमारे ११०० मीटर. म्हणजे मामांच्या गजात पाण्याच्या पेटीत जे घडतं, त्यातली एकेक पाती बंदुकीच्या गोळीच्या वेगाने वाढते. साध्या कॅमेऱ्याला 'आधी' आणि 'नंतर' एवढंच मिळतं, 'होताना' मिळत नाही. त्यासाठी अब्जांश सेकंदाचे इलेक्ट्रॉनचे झटके मारणारे मायक्रोस्कोप आले. आणि हे सगळं कागदापेक्षा हजारपट पातळ वर्खात. बारा एमएमचा आख्खा गज आजही कोणी त्यात घालू शकत नाही.

आता पुन्हा जालना. तडकलेल्या गजाचा एक तुकडा मी पिशवीत घालून पुण्याला आणला होता. माझा एक मटेरियल्सवाला मित्र आहे, त्याला दिला. त्याने तुकडा आडवा कापला, घासून आरसा केला आणि सौम्य नायट्रिक आम्ल लावलं. याला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप लागत नाही, डोळ्यांनीच दिसतं. चांगल्या टीएमटीच्या कापावर कडेने गडद रंगाची सारखी रिंग दिसते, ती मार्टेन्साइटची. आमच्या तुकड्यात रिंग होती, पण एका बाजूला जाडजूड आणि दुसऱ्या बाजूला जवळजवळ नाहीच. मित्र म्हणाला, "रिंग असमान आहे एवढं नक्की. जाड बाजू बाहेर आली असेल तर वाकवताना तडकू शकतो. भंगारातून फॉस्फरस जास्त आला असेल तरी गज ठिसूळ होतो, त्यासाठी वेगळी टेस्ट लागेल. पण रिंग अशी का झाली ते या तुकड्यावरून सांगता येणार नाही."

बुधवारी रात्री तो फोटो मी मामांना व्हॉट्सॲपवर पाठवला. दोन मिनिटांत फोन.

"नोझल चोंदलेली हाय."

"मामा, तुम्हाला कसं कळलं?"

"आरं, एका अंगाला पाणी लागलंच नाही. आमच्याकडं असं झालं की गज पेटीतून एका बाजूनं काळा आन् एका बाजूनं लाल निघायचा. वर कूलिंग बेडवर वाकडा व्हायचा. दिसलं की मिल थांबवायची, नोझल साफ करायची. धा मिनिटाचं काम."

मित्राकडे तुकडा होता, मामांनी ते होताना बघितलं होतं. फरक एवढाच. हर्ष आणि व्हेलनपासून गाईंपर्यंतच्या लोकांनी हाच फरक भरून काढायला आयुष्यं घातली, नुसतं अणूंच्या पातळीवर.

बंडल परत गेलं. दुकानदाराने कुरकुर केली नाही हे त्याचं चांगलं. आता नवीन माल येईल तो फे ५०० डी मागवलाय. याला तुटायच्या आधी किमान १६ टक्के ताणलं जाण्याची अट आहे, साध्या फे ५०० ला १२ टक्के, आणि फॉस्फरसची मर्यादाही जास्त कडक. मामा म्हणाले, सर्टिफिकेट काहीही असो, प्रत्येक बंडलातला एक गज मी समोर वाकवून घेणार.

मला मात्र अजून एकच गोष्ट खुपते. ज्या रात्री तो गज निघाला तेव्हा त्या मिलमध्ये, कूलिंग बेडपाशी, कोणीतरी ड्यूटीवर असणारच. गज एका अंगाने लाल निघालेला त्याला दिसला असणार. त्याला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप नको होता, दहा मिनिटं मिल थांबवायची होती.

असो. स्लॅब पुढच्या महिन्यात आहे. मला परत हजेरी लावायची आहे, यावेळी गज वाकवताना बघायला.